पोपट मेला, हे घरात सांगायचं कोणी?

या वेळी माझ्या या पशुवैद्यक सदरासाठी टपालात आणि मेलवर कुत्र्या-मांजरांपेक्षा पक्षी जास्त आलेत. पावसाळा संपत आला की असं होतंच, दमट हवा, बंद खिडक्या, ओलं दाणं, सगळं एकदम बाधतं. चार पत्रं घेतलीयेत. पहिलं खूप मोठं आहे, थोडं कापलंय पण जास्त कापायला हात धजावला नाही.

ताई, तुमचं सदर आमच्याकडे आधी अण्णा म्हणजे माझे सासरे वाचतात आणि मग मासिक माझ्याकडे येतं, त्यामुळे हे छापलंत तर आधी त्यांच्याच हातात पडणार हे मला माहितीये, तरी लिहितेय, कदाचित म्हणूनच लिहितेय.

आमच्याकडे सहा वर्षं कॉकटील जातीचा छोटा पोपट होता, बंड्या. राखाडी, पिवळा तुरा, गालावर केशरी ठिपके. बोलायचा नाही पण शिट्टी अशी मारायचा की बस. कुकरच्या शिट्टीची इतकी हुबेहूब नक्कल की माझा भात कितीतरी वेळा कच्चा राहिलाय, मला वाटायचं तीन झाल्या आणि त्यातली एक बंड्याची असायची. अण्णांचा तर जीवच. सासूबाई गेल्यानंतर त्यांनी दिवसभर बोलायचं म्हणजे त्याच्याशीच.

जुलैमधला रविवार, धो धो पाऊस, सगळ्या खिडक्या बंद. घावनं करायची म्हणून मी नॉनस्टिक तवा मोठ्या गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात खालून वॉचमनने बेल मारली की टँकर आलाय, आमच्या विंगची टाकी रिकामी होती, चावी माझ्याकडे. मी खाली गेले ते पंधरा मिनिटं तरी गेलीच असतील. वर आले तर तवा कडक तापलेला, जरा करपट वास, मी गॅस बंद केला, तवा सिंकमध्ये टाकला आणि विसरूनही गेले. पिंजरा किचनच्या दाराला लागून हॉलमध्ये. मधल्या वेळात अण्णांनी त्याला पेरूची फोड दिली होती, तो खातही होता म्हणे. मग अर्ध्या तासात तो दांडीवर डोलायला लागला, चोच उघडी, शेपटी प्रत्येक श्वासाला वरखाली, आणि एकदम खाली पडला. जवळच्या दोन डॉक्टरांना फोन केले, दोघं म्हणाले आम्ही पक्षी बघत नाही. ठाण्याला एक बघतात असं कळलं, रिक्षा केली, शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये माझ्या ओढणीत गेला तो. अण्णा शेजारी बसलेले होते.

त्या दिवसापासून अण्णा म्हणतायत की माझ्याच हाताने गेला, पेरूला काहीतरी फवारलेलं असणार, मी धुतला नाही नीट. त्यांनी पेरू खाणं सोडलंय, फळांच्या गाडीसमोरून जात नाहीत, वळसा घालून जातात. आणि मी त्याच रात्री मोबाईलवर वाचलं की नॉनस्टिक जास्त तापलं की पक्षी मरतात. एकोणीस दिवस झाले, मी कोणाला बोलले नाहीये. फक्त नवऱ्याला सांगितलं, तो म्हणतो आता कशाला उकरतेस, म्हातारं माणूस आहे, विसरतील. मुलगी चौथीत आहे, तिला आम्ही सांगितलं की बंड्या उडून गेला, ती रोज खिडकी उघडी ठेवते. ऑफिसात एक मैत्रीण म्हणाली अगं पक्षीच होता, दुसरा आण हजार-बाराशेत. ताई खरंच तव्याने झालं का, आणि झालं असेल तर मी काय करू?
— एक सून, डोंबिवली

हे पत्र ऑगस्टमध्येच आलं होतं. छापलं असतं तर अण्णांना मासिकातून कळलं असतं आणि ते मला पटेना, म्हणून यांना आधी मेलवर उत्तर पाठवलं, पत्र थांबवून ठेवलं, आणि त्यांचा होकार आल्यावर आता छापतेय. जे पाठवलं होतं तेच खाली देते, थोडं वाढवून.

आधी तव्याचं. पोस्टमॉर्टेम झालेलं नाही त्यामुळे कागदावर सही करून मी सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय, रिकामा तवा, पंधरा मिनिटं मोठा गॅस, बंद खिडक्या, मग अर्ध्या तासात उघडी चोच आणि शेपटीचा पंप, ते वाचून माझ्या मनात दुसरं काही येत नाही. नॉनस्टिकचं कोटिंग म्हणजे पीटीएफई, टेफ्लॉन हे त्याचंच एक नाव. भाजी-ऑम्लेटच्या आचेवर त्याला काही होत नाही. रिकामं भांडं मोठ्या आचेवर राहिलं की मात्र काही मिनिटांतच ते ३०० अंशांच्या आसपास जातं आणि तिथे कोटिंगचे तुकडे पडून वायू सुटायला लागतात. दिसत नाहीत, वासही फारसा येत नाही. माणसाच्या श्वासात ते बराच वेळ गेले तर फ्लूसारखी कणकण येते, एक-दोन दिवसांत जाते. पक्ष्याला तेवढा वेळ मिळत नाही.

का मिळत नाही तर त्यांची श्वासाची रचनाच वेगळी. आपली हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने बाहेर येते, म्हणजे थोडी शिळी हवा आत राहतेच. पक्ष्यांच्या अंगात फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्यामुळे हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहत राहते, श्वास घेताना ताजी, सोडतानाही ताजी. उडायला एवढा ऑक्सिजन लागतो म्हणून ही सोय. पण हवेत विष असलं की ते पण तितक्याच जोरात आत जातं, आणि अंग किती, तर ८०-९० ग्रॅम. फुप्फुसात रक्तस्राव होतो, पाणी भरतं. कोळशाच्या खाणीत कॅनरी न्यायचे ते याचसाठी, माणसाला कळायच्या आधी तो पक्षी खाली पडायचा. ब्रिटनमध्ये त्यांना सुट्टी देऊन यंत्रं आणायचं ठरलं ते थेट १९८६ मध्ये.

म्हणजे शिळफाट्याचा ट्रॅफिक नसता, दोन डॉक्टरांनी नाही म्हटलं नसतं, तरी तुमचा बंड्या वाचला असता असं मला वाटत नाही. आमच्या हातात अशा वेळी ऑक्सिजन देणं, उबेत ठेवणं आणि वाट बघणं एवढंच असतं, आणि बरेचसे दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. ती धावपळ तुम्ही डोक्यात परत परत चालवत असाल तर ती तेवढी बंद करा.

आता पेरू. पेरूने नाही झालं. पेरूच्या बागायतदाराला विचारा, पोपटांचे थवे आख्खी बाग फस्त करतात, जाळी लावायला लागते. फवारणीचा अंश असला तरी एका फोडीने असा श्वासाचा त्रास होऊन तासाभरात पक्षी जाण्याचं हे चित्र जुळत नाही. हे मी ठामपणे सांगते.

आणि इथेच तुमचा खरा प्रश्न आहे. ती गोष्ट माहितीये ना, राजाचा लाडका पोपट असतो, राजाने सांगितलेलं असतं की पोपट मेला असं जो येऊन सांगेल त्याचं डोकं उडवीन, आणि एक दिवस तो मरतो. मग नोकर येऊन सांगतात महाराज, पोपट डोळे मिटून आहे, पोपट दाणा घेत नाही, पोपट पाय वर करून झोपलाय, शेवटी राजाच वैतागून म्हणतो अरे मग मेला म्हणा ना! लहानपणी आपण हसायचो. तुमच्या घरात आत्ता तेच चाललंय बघा. पोपट मेला हे मुलीला कोणी सांगत नाही, आणि कशाने मेला हे अण्णांना कोणी सांगत नाही. फरक इतकाच की राजा स्वतः बोलला, तुमचे अण्णा बोलू शकत नाहीत कारण त्यांना माहितीच चुकीची आहे.

नवरा म्हणतो विसरतील. विसरणार नाहीत. ज्या माणसाने फळाच्या गाडीसमोरून जायचं सोडलंय तो विसरायच्या मार्गावर नाहीये. ७०-७५ च्या माणसाच्या खांद्यावर जे ओझं त्याचं नाहीच ते ठेवून द्यायचं, केवळ आपल्याला सांगायला जड जातंय म्हणून, हे मला बरोबर वाटत नाही आणि तुम्हालाही वाटत नाहीये, नाहीतर तुम्ही मला लिहिलंच नसतं.

तुमची चूक झाली का? झाली. गॅसवर तवा ठेवून खाली जाणं ही चूकच, घरात पक्षी नसता तरी चूकच, पडदा पेटला असता. पण या चुकीने पक्षी मरतो हे तुम्हाला माहीत असायला हवं होतं का, तर ते मी म्हणणार नाही. मला स्वतःला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. आमच्या वेळी गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडी, त्यात पोपट आलाच तर कोंबडीचा लांबचा भाऊ म्हणून. पहिली अशी केस आली तेव्हा मी आधी घरच्यांना विचारलं होतं की काय खायला घातलंत, म्हणजे मीही पेरूच्याच मागे होते. तव्याचं मला नंतर एका सीनियरकडून कळलं आणि त्या घरच्यांना मी परत फोन करून सांगितलंही नाही. ते आजही मला टोचतं, सतरा वर्षं झाली.

तर सांगा. घरात दोघंच असाल तेव्हा, मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात. "अण्णा, पेरूने नाही झालं. तवा रिकामा तापला त्याच्या धुराने झालं. तो मी विसरले होते." एवढं बोला आणि थांबा. टँकर, वॉचमन, चावी हे लगेच जोडू नका, ते खरंच आहे, पण त्या क्षणी ते वकिली वाटेल. आणि असू दे गं म्हणून ते लगेच डोक्यावर हात ठेवतील अशी अपेक्षा धरून जाऊ नका, चिडतील कदाचित, बोलणार नाहीत, तो त्यांचा हक्क आहे, सोबती गेलाय त्यांचा.

मुलीला उडून गेला सांगितलंत ते आधी दुरुस्त करा. ती खिडकी उघडी ठेवते म्हणजे ती त्याची वाट बघतेय, आणि तो येत नाही म्हणजे त्याला आपण आवडत नव्हतो इथपर्यंत ते पोर जाईल. चौथीतल्या मुलीला मेला हा शब्द कळतो. कुठे पुरलाय तेही दाखवा.

ऑफिसच्या मैत्रिणीचं सोडून द्या. तिने कधी बंड्याच्या शिट्टीवर भात कच्चा खाल्ला नाहीये.

पंधरा दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले. दोन दिवस घरात फक्त जेवायला वाढ, पाणी दे इतकंच. तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळून बिडाचा तवा घेऊन आले, चांगला जड, आणि म्हणाले यावर कर. तो तेल लावून मुरवलेला नव्हता, त्यामुळे पहिली सहा घावनं तुकड्या-तुकड्यांनीच निघाली आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली असं त्यांनी लिहिलंय.

ज्यांच्याकडे पक्षी आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: फक्त तवाच नाही, सँडविच मेकर, एअर फ्रायरची जाळी, काही इस्त्र्यांचा तळ यांनाही हेच कोटिंग असू शकतं. आणि मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, ताजा रंग, दिवाळीत दारातल्या फटाक्यांचा धूर, हे सगळं पिंजऱ्यापासून लांब. पिंजरा किचनमध्ये किंवा किचनच्या दाराशी नको म्हणजे नकोच, भले तिथे त्याला सोबत मिळत असेल.

मॅडम मी सांगलीत इंजिनीअरिंगला आहे, रूमवर दोन लव्हबर्ड होते (दुकानदार लव्हबर्ड म्हणाला पण नंतर कळलं बजी म्हणजे बजरीगर, छोटे पोपट आहेत), त्यातला हिरवा परवा गेला. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दाणे खात होता मी स्वतः बघितलंय, फक्त जरा फुगून बसायचा दोन-तीन दिवस, मला वाटलं थंडी. दुकानात गेलो तर त्याने पिवळी पावडर दिली पाण्यात टाकायला, ती टाकली, सकाळी खाली पडलेला. रूममेट म्हणतात तुझाच पोपट झाला. हसतात. मी पण हसलो पण रात्री झोप नाही लागली. मला कळायला पाहिजे होतं का?

हसू दे त्यांना, होस्टेलात दुःख व्यक्त करायची तीच पद्धत असते.

कळायला पाहिजे होतं का, तर अर्धं हो, अर्धं नाही. रानात थव्यात जो आजारी दिसतो त्याला ससाणा आधी उचलतो, त्यामुळे आजार लपवणं हे या पक्ष्यांच्या रक्तातच आहे. घरात ससाणा नाही पण त्याला कोण सांगणार. अगदी ताकद संपेपर्यंत तो दांडीवर ताठ बसतो आणि खाण्याचं नाटक करतो, आणि मग आपल्याला वाटतं काल चांगला होता, आज गेला. खाण्याचं नाटक हे मी उगाच म्हणत नाहीये, दाणा चोचीत घेऊन टरफल सोलतात आणि टाकून देतात, वाटीत टरफलांचा ढीग बघून आपल्याला वाटतं खाल्लं. वाटीवर एक फुंकर मारून बघायची, टरफलं उडतात आणि खाली किती दाणे तसेच राहिलेत ते कळतं.

पण दोन-तीन दिवस फुगून बसणं ही थंडी नव्हती. हे तू पुढच्यासाठी लक्षात ठेव. दिवसा पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला पक्षी हा तापाने फणफणलेल्या पोराइतका आजारी समजायचा. खाली पिंजऱ्याच्या तळाशी बसला तर त्याहून जास्त. शीचा रंग किंवा पातळपणा बदलणं, शेपटी श्वासाबरोबर हलणं, छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या धारेसारखं लागणं. आणि सगळ्यात आधी कळतं ते वजनावरून. किचनचा डिजिटल काटा मिळतो ना, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, त्यावर रोज सकाळी. बजी असतो ३०-४० ग्रॅमचा, त्यातले तीन-चार ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. डोळ्यांना काही दिसत नाही, पिसांखाली झाकलं जातं. तीन-चार ग्रॅम म्हणजे चमचाभर साखर रे.

पिवळ्या पावडरीबद्दल माझं मत फार चांगलं नाही. बहुतेक वेळा ते टेट्रासायक्लिन गटातलं अँटिबायोटिक असतं, पाण्यात टाकून द्यायचं. आजारी पक्षी पाणीच कमी पितो, त्यात पाणी कडू झालं की अजून कमी, म्हणजे औषध पोटात पुरेसं जातच नाही. आणि आजार जंतूंचाच होता हे दुकानदाराला दुरून कसं कळलं? बुरशी असू शकते, यकृत असू शकतं, मादी असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. नुसत्या कांगणी-सूर्यफुलावर ठेवलेल्या पक्ष्यांचं यकृत चरबीने भरतं आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. उरलेल्या पक्ष्याला कोथिंबीर, पालक, किसलेलं गाजर, उकडलेला मका असं हळूहळू लाव. अव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी नाही.

पुढे कधी फुगून बसलेला दिसला तर पहिली गोष्ट ऊब. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बाहेरून जुना पिवळा बल्ब लाव, ३० अंशांच्या आसपास, म्हणजे गरम वाटलं तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता येईल. पंखा बंद, तीन बाजूंनी चादर. ड्रॉपरने तोंडात पाणी ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं, आणि ब्रँडीचा थेंब तर अजिबात नाही, कोण काका सांगो. मग फोन करायला लाग, आणि खरं म्हणजे पक्षी बघणारा डॉक्टर कुठे आहे ते आजच शोधून नंबर सेव्ह करून ठेव, आजारपणात शोधायला वेळ नसतो.

आणि कशाने गेला ते कळून घ्यायचं असेल तर शरीर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की आतलं काही नीट वाचता येत नाही. शक्यतो २४ तासांत पोस्टमॉर्टेमला. तुमच्या भागासाठी शिरवळचं पशुवैद्यक कॉलेज आहे, मुंबईकरांना परळचं, आधी फोन करून विचारायचं. दुसरा पक्षी सोबत राहिलेला असेल तर हे नुसतं मनाच्या समाधानासाठी नसतं, त्याचा जीव वाचू शकतो.

एक गोष्ट सांगते, झोप यावी म्हणून. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंकडे ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट होता, ३० वर्षं त्याच्यावर काम चाललं, रंग, आकार, आकडे सांगायचा. रोज माणसं त्याच्या अवतीभवती, वजनं, नोंदी. ६ सप्टेंबर २००७ ला सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला, ३१ वर्षांचा. दोन आठवड्यांपूर्वीच डॉक्टरांनी तपासून ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. त्यांना नाही कळलं, तर तुला कसं कळणार होतं.

आमच्या आजीचा राघू २२ वर्षं होता, आंब्याच्या ढोलीतून पिल्लू आणलेलं, आजोबांनी. या महिन्यात गेला, आठवडाभर खात नव्हता. डॉक्टरकडे नेला नाही कारण देशी पोपट पाळणं गुन्हा आहे असं कोणीतरी सांगितलं, वनखात्यात कळवतील अशी भीती. आजी जेवत नाही नीट. शेजारचे म्हणतात जानेवारीत पिल्लं निघतील, एक आणून देतो. आणू का? — सातारा जिल्हा

नका आणू. हे आधी सांगते.

तुम्हाला सांगितलं ते खरं आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आपले सगळे देशी पोपट येतात, पकडणं, विकणं, पाळणं सगळंच गुन्हा. बजी, कॉकटील हे मूळ ऑस्ट्रेलियातले म्हणून त्यांचं वेगळं. माझ्या आजोळीही पडवीत पिंजरा होता, मिरची आणि हरभऱ्याच्या डाळीवर वाढलेला राघू, तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आजीच्या प्रेमाला आज कायद्याचं कलम लावून मोजायला मी बसलेली नाही. पण जानेवारीत पिल्लं निघतील म्हणजे काय होतं ते मी बघितलंय, ढोलीत हात घालून चार काढतात, त्यातली दोन बाजारात पोचेपर्यंत मरतात, आणि झाडावर आईबाप दिवसभर ओरडत फिरतात. एका राघूच्या जागी हे नको.

भीतीपोटी दवाखान्यात नेला नाही याचं तुम्हाला लागलंय हे पत्रात दिसतंय. माझ्यापुरतं सांगते, दारात आजारी पक्षी आला की मी आधी पक्षी बघते, बाकीचं नंतर बोलते. कुणाकडे आजही असा जुना राघू असेल तर न्या, घाबरून घरात मरू देऊ नका, आणि त्याला अचानक सोडूनही देऊ नका, २० वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला ना नीट उडता येतं ना दाणा शोधता येतो, दोन दिवसांत कावळ्यांच्या तावडीत जातो. २२ वर्षं मात्र छान झाली, या जातीचे घरात २०-३० जगतात, तर तो म्हातारा होऊनच गेला असं म्हणायला हरकत नाही.

आजीला आधी रडू द्या. आमच्याकडे लोक लगेच म्हणतात एका पाखरासाठी काय एवढं. अहो, २२ वर्षं पहाटे उठल्यावर पहिला शब्द तिने त्याच्याशी बोललाय. पिंजरा घाईने भंगारात देऊ नका, ती सांगेल तेव्हा हलवा. पुढे जमलं तर गच्चीवर ज्वारीचं कणीस टांगा आणि पाण्याची पसरट थाळी ठेवा, मोकळे पोपट येतात, आले तर तिला बोलायला कोणीतरी, आणि नाही आले तरी चिमण्या येतीलच.

जोडीतला नर गेला, मादी दिवसभर त्याला हाका मारते. लगेच दुसरा आणावा का? शिवाय माझ्या आईला आठवडाभर ताप आणि कोरडा खोकला आहे, त्याचा याच्याशी संबंध असेल का? — नागपूर

खोकला आधी. हो, असू शकतो, आजच आईंना माणसांच्या डॉक्टरकडे न्या आणि घरात पक्षी होता, तो मेला, हे न विचारता सांगा, कारण ते विचारत नाहीत. सिटॅकोसिस नावाचा आजार पोपट-कबुतरांच्या वाळलेल्या शीच्या धुळीतून माणसाला होतो, ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला असंच दिसतं, वेळेत कळलं तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. तोच आहे असं मी म्हणत नाहीये, पण वगळायला हवा. पिंजरा झाडूने झाडू नका, धूळ उडते, आधी ओला करा, मास्क लावा, आणि ते काम आईंनी करायचं नाही.

मादीला पण तपासून घ्या, शीची तपासणी तरी, कारण नराला जे होतं ते तिला असू शकतं. तोवर दुसरा आणायचा नाही. आणलात तरी आधी ३०-४५ दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी वाटी, वेगळं पाणी. ती हाका मारते ते काही दिवस चालेल. तिचा पिंजरा घरातली माणसं बसतात तिथे हलवा, तुम्ही काम करता करता उत्तर द्या तिला, खाते किती ते बघा आणि वजन करा. दोन दिवस दाणा कमी झाला तर वाट बघत बसू नका, घेऊन जा.